सॉफ्टवेअरचा सपोर्ट ३० जूनला संपतोय, आणि मधे अख्खा आंबा उभा आहे

काटेवाली_देवगड – १८ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आंब्याचा पल्प आणि कोकम-आगळ करणारा एक कारखाना आहे, तिथला हिशेब मी एकवीस वर्षं सांभाळते. भागीदारी फर्म, उलाढाल साधारण सात कोटी. ऑफिसात मी आणि एक मुलगा. सीझनला काट्यावर आणखी दोघं येतात, ती दरवर्षी नवी आणि दरवर्षी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आलेली.

गेल्या सोमवारी आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं. ३० जून २०२६ नंतर जुन्या आवृत्तीला मदत नाही, दुरुस्ती नाही, जीएसटीचे बदल नाहीत. नवीन आवृत्ती क्लाउडवर, माणशी दरमहा भाडं. फोनवरची मुलगी गोड बोलली, "मॅडम, १ एप्रिलला सुरू करा ना, नवं वर्ष, कोरी पाटी." तिला म्हटलं, बाळा, एप्रिलमध्ये आमच्याकडे पाटी नसते, क्रेट असतात. पाडव्यापासून पेट्यांची गडबड, एप्रिलच्या मध्यापासून कॅनिंगचा आंबा, मग जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत रात्री अकरा-अकरापर्यंत काटा चालू. त्यात मी नवीन स्क्रीन शिकू की टेम्पोवाल्याला पावती देऊ?

मालकांचं म्हणणं एकच: "चलता ना? मगे हात कित्याक लावूचो?"

आता अडचण नीट सांगते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता जमाखर्च नाही. प्रत्येक बागायतदाराची तीन खाती एकमेकांत गुंतलेली आहेत: पावसाळ्यात घेतलेली उचल, नेलेले-आणलेले क्रेट, आणि काट्यावर उतरलेलं वजन. पट्टी (बागायतदाराच्या हातात द्यायचा हिशेबाचा कागद) करताना वजनातून घट वजा होते, रकमेतून उचल कापली जाते, न परतलेल्या क्रेटचे पैसे धरले जातात. काट्याचं वजन नऊ पिनच्या केबलने थेट कॉम्प्युटरात येतं, हाताने टाकायचं नाही. (एका मे महिन्यात केबल उंदराने खाल्ली. दोन दिवस हाताने वजन टाकलं आणि दोन्ही दिवसांची भांडणं अजून संपलेली नाहीत.)

हे सॉफ्टवेअर १९९८ साली डॉसवर सुरू झालं, २००९ मध्ये विंडोजवर आलं. नावं-गावं मराठीत आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये. डेटा एक्सेलमध्ये काढला की गिर्ये गावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

माझे प्रश्न: सीझनआधी घाईने बदलावं, की सीझन जुन्यावरच काढून सपोर्ट संपल्यावर बदलावं? आणि त्या मुलीला मी आत्ता काय काय विचारून ठेवायला हवं?

---

सरळमार्गी_कणकवली

ताई, टॅली घ्या आणि मोकळ्या व्हा. क्रेट हा माल धरायचा आणि प्रत्येक बागायतदाराला एक गोदाम करायचं. आमच्या काजूच्या पोत्यांना मी तेच केलंय, मस्त चालतं.

---

काटेवाली_देवगड

तुमचे काजूवाले किती? आमचे बागायतदार ६४० आहेत. ६४० गोदामं असलेला कारखाना म्हणजे मालक मला बंदर खात्यात पाठवतील. टॅलीत हिशेब उत्तम बसेल, त्यात शंका नाही. उचल कापून रात्री साडेदहाला हातात पट्टी कोण देणार, हा माझा प्रश्न आहे.

---

हिशेबतपासनीस_दापोली

मी सीए फर्ममध्ये आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. बदल १ एप्रिललाच सोपा. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक ती नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. वर्षाच्या मधे बदललात की एकाच वर्षाची दोन पुस्तकं, दोन बिलमालिका, आणि ऑडिटच्या वेळी दोन्हीकडचे उतारे जोडत बसायचं. शक्य असेल तर फेब्रुवारीत तयारी करा आणि एप्रिलला उडी मारा.

---

जुनी_वही_रत्नागिरी

वरच्यांशी अदबीने असहमत. १ एप्रिलची तारीख मुंबई-पुण्याच्या दुकानाला ठीक आहे. ज्याचा सगळा धंदा सत्तर दिवसांत होतो त्याने सत्तर दिवसांच्या तोंडावर वही बदलायची नसते. मी एका नागरी सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर विभागात होतो. जुन्या सिस्टीममधून नवीन सिस्टीममध्ये सगळ्या शाखा नेताना जी फजिती झाली त्यातून शिकलेलं सांगतो.

आधी सपोर्ट संपणे म्हणजे काय ते बघू. १ जुलैला सकाळी सॉफ्टवेअर बंद पडत नाही, बंद पडतो तो फोन उचलणारा माणूस. पण दोन गोष्टी मात्र त्या दिवसापासून खरोखर कुजायला लागतात. एक, सरकारी बदल. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि १२ टक्क्यांचा टप्पा गेला तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी दुरुस्ती पाठवली असेल. जुलैनंतर तसं काही झालं तर ती तुमची तुम्हाला करावी लागेल. दुसरी, खालचा पाया. २००९ नंतर कधीतरी तुम्हाला एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची (डेटा साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमची) फुकटची एक्सप्रेस आवृत्ती घालून दिली असेल असा माझा अंदाज आहे, कारण मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला सपोर्ट १४ जुलै २०२६ ला संपतो आणि तुमच्या पत्रातली तारीख त्याच्या पंधरवडाभर आधीची आहे. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. म्हणजे काट्याचा कॉम्प्युटर आत्ताही उघड्यावरच आहे, फक्त पत्र आलं नाही म्हणून कळलं नाही.

तेव्हा सीझन जुन्यावरच काढा, पण काट्याच्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून. वजन घ्यायला त्याला इंटरनेट लागत नाही. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) ऑफिसातल्या मशीनवरून होऊ दे. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला पल्पच्या व्यापारी बिलांना ते लागूच आहे. सॉफ्टवेअर अडलं तर पोर्टलवरून थेट बनवता येतं, महिन्याला पाच-पन्नास बिलं असतील तर हाताने निभतं. मार्चमध्ये एक बिल तसं करून बघा, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी पासवर्ड शोधत बसायला नको.

मग बदल कधी? जून अखेर काटा धुऊन झाकून ठेवलात की जुलै-ऑगस्टमध्ये नवीनवर काम शिका, या सीझनच्या खऱ्या पट्ट्या त्यात पुन्हा करून बघा. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर कोकणात कोणी कोणाचं नसतं, तुमचा मुलगाही येणार नाही. गौरी-गणपती आटोपले की ३० सप्टेंबरची शिल्लक काढायची आणि १ ऑक्टोबरपासून नवी वही.

दापोलीकरांनी बिलमालिकेचं म्हटलं, त्यात नियमाची अडचण नाही. बिल नंबर सोळा अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न आलेला असला की झालं, मालिका एकाहून जास्त चालतात. ऑक्टोबरपासून वेगळं अक्षर लावून नवी मालिका काढा आणि जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या विवरणाच्या, तेराव्या तक्त्यात दोन्ही दाखवा. उतारे जोडायचं काम वाढेल हे खरं. ते काम मार्चनंतर खुर्चीत बसून करायचं आहे, टेम्पोपुढे उभं राहून नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. एकूण बेरीज जुळली म्हणून डेटा बरोबर आला असं समजू नका. आमच्या एका शाखेत ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळली, आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन आले. त्यांच्याच वाडीत त्यांच्याच नावाचा दुसरा खातेदार होता आणि दोघांच्या शिल्लका अदलाबदल झालेल्या. बेरजेला काय, तिला दोघंही सारखेच! तेव्हापासून मी बेरीज गाववार करतो, आणि गावात एका नावाचे दोन असतील तर त्यांची यादी वेगळी काढून एकेक खातं डोळ्यांनी बघतो. तुम्ही गाववार तीन आकडे काढा: खाती किती, येणं-देणं किती, क्रेट बाहेर किती. जुन्यातून एक कागद, नव्यातून एक कागद, शेजारी ठेवून फूटपट्टी लावून वाचायचे.

सगळा इतिहास मात्र नव्यात ओढू नका. १९९८ पासूनच्या पट्ट्या नव्यात घालायचे पैसे मागतील आणि त्यातला निम्मा कचरा असेल. चालू खाती, शिल्लका आणि फार तर गेले दोन सीझन न्या. बाकीचं जुन्या मशीनवर फक्त बघण्यापुरतं ठेवा. जीएसटीसाठी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने कागद जपावे लागतात, तेवढी वर्षं ते मशीन चालू होईल अशी सोय हवी.

---

वाशिष्ठीकाठी

चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात सात फूट पाणी होतं. कॉम्प्युटर गेला ते समजू शकतो. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही गेली. मग आठवलं की दर महिन्याला एक कॉपी मेहुण्याच्या घरी वरच्या आळीत जाते. डिस्क आणली, सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर कळलं की आमची आवृत्ती सपोर्टमधून काढून सहा महिने झाले. बॅकअप फाईल हातात, उघडणार कशी? डेटाबेसचा मुख्य पासवर्ड त्यांनी कधी दिलाच नव्हता. शेवटी त्यांच्याकडून नोकरी सोडून गेलेला एक मुलगा सापडला आणि त्याला तो आठवत होता. आमचं नशीब.

म्हणून ताई, ती मुलगी फोन उचलतेय तोवर मागून घ्या, आणि तोंडी नको, ईमेलवर. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड. कुठल्या कोष्टकात काय आहे त्याचा तक्ता. दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर टाकायची फाईल, आणि त्याचं लायसन्स इंटरनेटवरून तपासलं जात असेल तर ते तपासणारा सर्व्हर ते कधी बंद करणार. हे शेवटचं बहुतेक जण विचारत नाहीत. सॉफ्टवेअर चालत राहतं, पण मशीन बदललंत की चावी चालत नाही.

आणि बॅकअप नुसता घेऊ नका, दुसऱ्या मशीनवर चढवून एक पट्टी छापून बघा. लक्षात ठेवा, एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप वरच्या आवृत्तीवर चढतो, खालच्या आवृत्तीवर चढत नाही. पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर बघते म्हणाल तर फसाल.

---

काटेवाली_देवगड

वाशिष्ठीकाठी, वाचून पोटात गोळा आला. आमची डिस्क कुठे असते सांगू? काट्याच्या टेबलाच्या खणात.

---

अक्षरजुळारी_कुडाळ

फॉन्टवर कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. पंचवीस वर्षं डीटीपी केलंय, लग्नपत्रिकांपासून ग्रामपंचायतीच्या अहवालांपर्यंत.

जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला 'ग' माहीतच नसतो. त्याने इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा नंबर साठवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर 'ग'चं चित्र चढवतो. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती आधी साठवलेली, आणि रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बरोबर उलट, उच्चाराच्या क्रमाने. म्हणून तुमचं गिर्ये हे परीक्षेचं गाव आहे: पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आणि दुसऱ्यावर रफार. कच्चा कन्व्हर्टर त्याचं 'िगयेर्' करून देईल. 'मिठबाव'ची वेलांटी सुटी पडेल, 'हुर्शी'चा रफार भलत्या जागी बसेल. ही तीन गावं सरळ आली तर बाकीची बहुतेक येतील.

त्यातही तुमचा डेटा डॉसच्या काळातला आहे, म्हणजे १९९८ ते २००९ मधली नावं कदाचित इस्की या वेगळ्याच पद्धतीत साठवून नंतर फॉन्टमध्ये वळवलेली असतील. एकाच यादीत दोन प्रकारची घाण असू शकते. आधी जुन्या आणि नव्या नावांचे वीस-वीस नमुने वेगळे तपासा.

गावांसाठी कन्व्हर्टर वापरूच नका. गावं फार तर चाळीस-पन्नास असतील. ती हाताने शुद्ध लिहून काढा आणि जुन्या प्रत्येक रूपापुढे नवीन रूप मांडा. तुम्हाला कळेल की तुमच्याकडे कुणकेश्वर चार तऱ्हेने लिहिलंय. माणसांची नावं कन्व्हर्ट करा, पण ओळख पटवायला खाते क्रमांक आणि मोबाइल वापरा, नाव नको. आणि अकारविल्हे यादी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कधीच नीट लागत नसेल ना? तीही याचमुळे, तो इंग्रजी नंबरांच्या क्रमाने लावत होता.

---

काटेवाली_देवगड

कुणकेश्वर पाच तऱ्हेने आहे. आत्ताच मोजलं. एकात 'कूण' दीर्घ आहे, ते माझंच पाप.

अकारविल्हेचं म्हणाल तर एकवीस वर्षं मला वाटत होतं की यादी कुठल्याशा जुन्या पद्धतीने लागते.

---

हिशेबतपासनीस_दापोली

मी माघार घेतो. हंगामाचा विचार मी केला नव्हता, आमच्याकडे आंबावाले पक्षकार कमी आणि मासळीवाले जास्त. एकच सुचवतो: ३० सप्टेंबरची शिल्लक काढायच्या आधी बँकेचा आणि जीएसटी क्रेडिटचा ताळा पूर्ण करा. चूक जुन्या वहीत असेल तर जुन्या वहीतच दुरुस्त करा, नव्यात घेऊन जाऊ नका. आणि तुमची फर्म भागीदारी आहे, त्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना लागू झालेला बदल-नोंदीचा नियम तुम्हाला बंधनकारक नाही. तरी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असेल तर चालूच ठेवा. कोणी रात्री क्रेटचा आकडा बदलला ते कळतं.

---

जुनी_वही_रत्नागिरी

अजून एक राहिलं, काट्याची केबल. क्लाउडचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, ब्राउझर आपणहून काट्याशी बोलत नाही. मधे एक छोटा प्रोग्रॅम लागतो. नव्या लॅपटॉपला नऊ पिनचं भोकही नसतं, यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागेल. मुलीला सांगा, "करारावर सही करण्याआधी तुमचा माणूस आमच्या काट्यावर येऊन एक क्रेट तोलून दाखवू दे." आणि तो काटा चालू असताना वीज घालवून बघा. वळवाच्या पावसात लाइन गेली, इंटरनेट गेलं, दारात टेम्पो आहे, तेव्हा वजन कुठे साठतं? उत्तर जर "लाइन आली की पुन्हा टाका" असं असेल तर दुसरं सॉफ्टवेअर बघा. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे.

---

काटेवाली_देवगड – १४ फेब्रुवारी २०२६

मंडळी, चार आठवड्यांत काय झालं ते सांगते.

पासवर्ड, तक्ता, इन्स्टॉलची फाईल, सगळं ईमेलवर आलं. लायसन्स तपासणारा सर्व्हर ते डिसेंबर अखेरपर्यंत ठेवणार आहेत, हे तीनदा विचारल्यावर लिहून दिलं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च निघाला, रत्नागिरीकरांना मानाचा नारळ. बॅकअपची डिस्क आता आमच्या घरी तांदळाच्या डब्याशेजारी आहे. काट्याचा माणूस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतोय. मालकांना ऑक्टोबर पटला, कारण त्यात "आत्ता हात लावायचा नाही" हे आहे.

शाळेतल्या मास्तरणीसारखी बसून ४३ गावं शुद्ध लिहिली. मग सॉफ्टवेअरवाल्यांकडून चाचणी म्हणून डेटा नव्यात भरून घेतला. गिर्ये पहिल्या खेपेला 'िगयेर्' आलं, अगदी कुडाळकरीण म्हणाल्या तसं. दुसऱ्या खेपेला सरळ आलं.

गाववार तीन आकडे काढले. खाती एकाने कमी. येणं-देणं जुळलं. क्रेट २१२ ने कमी. दोन दिवस शोधलं. नव्या सॉफ्टवेअरने एक खातं घेतलंच नव्हतं, कारण त्याला नाव नाही आणि मोबाइल नाही. जुन्यात ते माझ्या आधीपासून आहे, नावाच्या जागी नुसतं एक टिंब. दरवर्षी क्रेट जातात, थोडे येतात, पैसे कधीच धरलेले नाहीत. आधीचे दिवाणजी वारले, विचारायला कोणी नाही. शेवटी जुन्या लाल चोपडीत त्या तारखांचे टेम्पो काढले तर सगळे एकाच बागेतून आलेले.

आमच्या मालकांच्या. मालकाच्या नावावर उधारी कशी लिहायची म्हणून दिवाणजींनी टिंब दिलं असणार.

मी कागद घेऊन आत गेले. म्हटलं, नवीन सॉफ्टवेअरला खात्यावर मोबाइल नंबर लागतो. बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "घाल माझो नंबर."

क्रेट कधी परत येणार विचारलं, तर चहा मागवला.